आधी काडी, मग नॉब

“तुमच्यामुळे मी दहा मिनिटं शेगडीपुढे ध्यान लावून बसलोय,” काडेपेटी हातात धरून तपासनीस म्हणाला, आणि शेगडीच्या पुस्तिकेचं मराठी भाषांतर करणारी दारातच थबकली.

शेगड्यांच्या कारखान्यात त्याचं काम एकच — पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही. जमलं तर सही, नाही तर पुस्तिका परत. आज संध्याकाळपर्यंत सही मिळाली नाही, तर तिची नवीकोरी नोकरी जाणार होती.

“चुकलं काय?” तिने तोऱ्यातच विचारलं.

“‘नॉब फिरवल्यावर बर्नर पेटेल.’ फिरवला. स्वारी काही पेटली नाही. वास येताच गॅस बंद केला, तेव्हापासून बसलोय.”

इंग्रजीत ‘इग्नाइट’ होतं. त्याचा अर्थ पेटणंही होतो नि पेटवणंही, आणि बाईंनी नेमका नको तो उचलला होता. तासाभराने तिने ‘प्रज्वलित करा’ लिहून आणलं.

“शेगडीपुढे भाषणही करायचंय का?”

मग तिने ‘पेटवा’ आणलं. तर हा म्हणे, नॉब आधी फिरवून गिऱ्हाईक काडी शोधत बसेल आणि खोलीभर गॅस होईल.

“खरं सांगा… कधी शेगडी पेटवलीये?”

ती गोरीमोरी झाली. “लहानपणी हात भाजला होता. तेव्हापासून ताई जवळ जाऊ देत नाही… आणि मलाही भीती वाटते.”

तो हसला नाही, हे तिला फार आवडलं. त्याने खिडकी उघडली, काडेपेटी पुढे केली. “आधी काडी, मग नॉब. मी इथेच आहे.”

दोन काड्या मोडल्या. तिसरी पेटली, निळी ज्योत गोल फिरली, आणि ती हरखून बघत राहिली — शेगडीकडे नव्हे, त्याच्याकडे.

“काडी विझवा,” तो हळूच म्हणाला. “बोट भाजेल.”

मग तिथेच बसून तिने लिहिलं. त्याने शब्दन् शब्द करून पाहिला, सही केली, आणि तोंड पाडून बसला.

“आता काय चुकलं?”

“काहीच नाही. तेच तर दुखणं आहे. आता तुम्ही कशाला येताय इकडे?”

“मग खोडा सही.”

“छे, तुमची नोकरी जाईल.” तो अडखळला. “मला तुम्ही आवडता… पण पुढे काय करायचं, ते कुठे लिहिलेलं नाही.”

“सहाला फाटकाशी थांबायचं,” ती लाजून म्हणाली. “मी आले की माझ्याबरोबर चालायला लागायचं. ताईचं मी बघते.”

सांगितलं होतं सहाला. हा पठ्ठ्या साडेपाचपासूनच फाटकाशी उभा होता.