न पडलेल्या पाकळ्या

तेवीस वर्षं मी डिचोलीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. देवाधर्माची मला ओढ नाही. पण कृष्णनाथला सोडायचं नव्हतं, आणि कोरगावचा माणूस कोर्टाला भीत नाही, गावच्या देवाच्या कौलाला भितो.

माझे यजमान दत्ताराम आयुष्यभर एकच गोष्ट लिहीत होते. कण मोजेपर्यंत तो इथे की तिथे, हे जगाचंच ठरलेलं नसतं. गणितातली ती लाट म्हणजे आपलं अज्ञान नव्हे. ते गेले. मित्र म्हणून कृष्णनाथ वह्या वाचायला घेऊन गेला, आणि वर्षाच्या आत पणजीत पुस्तक निघालं, त्याच्या नावाने. दत्तारामांचं नाव आभारातसुद्धा नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कोरगावच्या देवळात, कृष्णनाथच्या समोर, बाबाजी गुरवांनी मूर्तीवर दोन ओल्या पाकळ्या लावून गाऱ्हाणं घातलं. पुस्तक दत्तारामांचं असेल तर उजवी पडू दे, कृष्णनाथचं असेल तर डावी. दुपार झाली. पाकळ्या सुकल्या, कडा वळल्या, तरी एकही पडली नाही.

"देव बोलणा नाय," बाबाजी म्हणाले. पाकळ्या त्यांनी तशाच राहू दिल्या. "कौल असोच रवांदे. वैनींनी लावलो, वैनींनीच सोडवचो."

बाहेर चपला घालताना कृष्णनाथ हळूच म्हणाला, "दत्ताच म्हणायचा ना वैनी? मोजलं नाही तोवर खरंखोटं काहीच नाही." आणि हसला मेला.

सोमवारी त्याच्या कॉलेजच्या हजेरीयंत्राने त्याचा अंगठा घेतला नाही. पुढच्या आठवड्यात तो फळ्यापाशी उभा असताना मुलं "सर आले नाहीत" म्हणत उठून गेली. मग त्याच्या बायकोने, हर्षाने, एकटीपुरताच भात लावला.

हे त्यानेच माझ्या पायरीवर उभं राहून सांगितलं. भर दुपार होती. त्याचा चेहरा ध्यानात राहावा म्हणून मला पुन्हापुन्हा बघावं लागत होतं.

"वैनी, कौल सोडवा."

"पुस्तक कोणाचं?"

"दत्ताचं. सगळं दत्ताचं."

त्याने तसं लिहून दिलं, सही केली. तो गेल्यावर कागद पाहिला. मजकूर होता, सहीची जागा कोरी होती.

तरी कौल सोडवता आला असता. मी देवळात गेले नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

तो परत आला नाही.

परवा हर्षा आली. चहा पिताना मी विचारलं, "यजमान काय म्हणतात?"

ती मंगळसूत्र बोटांत धरून बराच वेळ आठवत बसली.

"वैनी, हे कोणाच्या नावाचं?"

मला ठाऊक होतं. मी तिच्या बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं.