कात्रीच्या तोंडातलं बोट

त्या माणसाने माझ्या चहादाणीचं झाकण लावलं. मला न विचारता.

मार्चमधली सकाळ होती. हाँगकाँगला त्या दिवसांत भिंतींना घाम फुटतो. जिन्याचा कठडा ओला, खुर्चीची पाठ ओली, खिशातला रुमालसुद्धा ओला. चहाघरात एकट्यादुकट्याला वेगळं टेबल मिळत नाही, जागा दिसेल तिथं अनोळखी माणसासमोर बसायचं. माझ्यासमोर हा येऊन बसला आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं.

माझा चहा संपला. मी झाकण तिरकं करून ठेवलं. झाकण तिरकं दिसलं की किटलीवाली येऊन गरम पाणी ओतून जाते, हाका माराव्या लागत नाहीत. मी कोंबडीचा पाय चोखत बसले. वर पाहते तर झाकण बंद, आणि किटलीवाली पुढच्या टेबलाकडे गेलेली. मी परत उघडलं. त्याने पान उलटलं, डोळे बातमीतच ठेवून हात पुढे केला… टक्. बंद.

"अहो, हात आवरा," मी म्हटलं. "तहानेने मारायचा विचार आहे का मला?"

त्याने आधी झाकणाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, मग माझ्याकडे. कान लालबुंद.

"माफ करा हं, बाई. चाळीस वर्षं प्रयोगशाळेत काढली. उघडं भांडं दिसलं की हात आपोआप जातो. तिथं काही उघडं राहिलं तर घात होतो."

"इथं बंद राहिलं तर घात होतो."

तो हसला. वरचा एक दात सोन्याचा होता. मला सोन्याचे दात आवडत नाहीत… म्हणजे तेव्हा आवडत नव्हते. माझी चहादाणी भरून आली तेव्हा मी त्याच्याही कपात ओतला, अडाणी नाही मी. त्याने आभाराची दोन बोटं टेबलावर टकटक वाजवली. लांब, स्वच्छ बोटं. कोंबड्या कापणाऱ्या माणसांत आयुष्य गेलं माझं, अशी बोटं कुठे बघायला मिळतात?

तिसऱ्या दिवशी तो थेट माझ्या गाळ्यावर उभा राहिला. जिवंत कोंबड्यांचा गाळा आहे माझा, शाऊ-के-वानच्या बाजारात, नवरा गेल्यापासून मी एकटीने चालवलेला. त्याच्या हातात कागद, गळ्यात ओळखपत्र. नाव मोक यिन-चाऊ. निवृत्त झाला होता, पण विद्यापीठाने म्हातारी माणसं गोळा करायला परत बोलावलं होतं. सत्तावन्न साली फ्लूची मोठी साथ आली होती, त्याआधी जन्मलेली माणसं हवी होती. फ्लूची लस टोचायची, मग सातव्या दिवशी रक्त घ्यायचं आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा.

"मला लस कशाला?" मी म्हटलं. "मला ताप शिवत नाही. विचारा सगळ्या बाजाराला."

"आईंना ताप घाबरतो," माझी सून युक-सिम पिसं उपटता उपटता म्हणाली. "आम्हीसुद्धा घाबरतो."

खोटं नव्हतं ते. अडुसष्ट साली फ्लू आला तेव्हा मी अठरा वर्षांची होते. आमच्या चाळीच्या मजल्यावर अकरा खोल्या, अकराही खोल्यांत माणसं आडवी. पेज मी शिजवली, भांडी मी घासली, ओकाऱ्या मी काढल्या. मला शिंकसुद्धा आली नाही. सेतो माझं आडनाव, तेव्हापासून मला "लोखंडी सेतो" म्हणतात. माझ्या गाळ्यावरच्या पाटीवरसुद्धा तेच आहे. गिऱ्हाईक म्हणतं, लोखंडी बाईची कोंबडी घ्या, तिच्या हाताला रोग लागत नाही.

हे ऐकून मोकसाहेबांचे डोळे असे चमकले की मी सुरी खाली ठेवली.

"मग तर सेतोबाई, मला तुमचं रक्तच हवं."

शेजारचा मासेवाला मोठ्याने म्हणाला, "लोक फुलं मागतात, हा रक्त मागतोय!" सगळा बाजार हसला. मी नाही हसले. माझ्या पोटात पन्नास वर्षांचा एक प्रश्न पडून होता: सगळे पडले, मग मीच का नाही? देवळात विचारलं, वैद्याला विचारलं, कुणी धड सांगितलं नाही. या माणसाच्या डोळ्यांत मला माझाच प्रश्न दिसला.

"या," मी म्हटलं. "पण दुखलं तर हात मोडीन."

दुखलं नाही.

सातव्या दिवशी बाजाराच्या वरच्या मजल्यावर, लस टोचली होती त्याच पांढऱ्या खोलीत, त्याने माझा दंड बांधला. शीर चाचपताना त्याचा अंगठा माझ्या कोपराच्या खळगीत जरा जास्तच वेळ थांबला. मी म्हटलं, "सापडली की नाही?" तो म्हणाला, "केव्हाच सापडली." आणि मग दोघंही भिंतीवरच्या घामाकडे बघत बसलो.

रक्त घेऊन झाल्यावर मी उठलेच नाही. "आता सांगा. रक्तात काय शोधता?"

"तुमची कात्री द्या."

कोंबड्यांच्या पायांची दोरी कापायची कात्री माझ्या कमरेला असते. ती त्याने घेतली.

"हा विषाणू. याच्या अंगावर दोन वस्तू असतात. एक चिकटणारे हात. आपल्या पेशींवर साखरेचे तुरे असतात, ते धरून हा आत शिरतो. आत याची पिल्लं होतात. पण बाहेर पडताना पिल्लं त्याच साखरेला चिकटून बसतात. मग दुसरी वस्तू कामाला येते, ही कात्री. शास्त्रात तिला विकर म्हणतात. ती साखर कापते, पिल्लं सुटतात, पुढच्या पेशीवर जातात."

"कोंबडीच्या पायांची दोरी कापल्यासारखं."

"अगदी तसंच. आता तुमच्या रक्तात प्रतिपिंडं असतात. दोन हातांची, हाताच्या टोकाला बोटं." त्याने माझं बोट उचललं, कात्रीच्या उघड्या तोंडात ठेवलं, आणि कात्री हलकेच मिटली. मिटली कसली, अडली. "काहींचं एक बोट बरोबर इथं शिरतं, साखर बसते त्याच खोबणीत. कात्री मिटतच नाही. पिल्लं तिथंच अडकून मरतात."

"पण कात्री त्याला आत घेतेच कशी? बाहेरचं काही आलं तर लोटून नाही देत?"

त्याने झटकन मान वर केली.

"का हो? चुकलं का काही? की ते बोट… साखरेचं सोंग घेऊन जातं?"

"सेतोबाई," तो हळू म्हणाला, "हे कळायला आमच्या लोकांना फार वर्षं लागली."

"तुमच्या लोकांनी कोंबड्या विकायला हव्या होत्या."

माझं बोट अजून कात्रीतच होतं. काढायची घाई दोघांनाही नव्हती.

त्यानंतर तो रोज सकाळी चहाघरात माझ्यासमोर येऊन बसायचा. मी झाकण उघडायचे, तो बंद करायचा, मी हातावर चापट मारायचे. एका लांबच्या बेटाजवळ, बोटीवर वाढला होता तो. सत्तावन्नचा ताप त्यांच्या बेटापर्यंत आलाच नाही. अडुसष्टला मात्र एकोणीस दिवस पडून होता. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. इतकं सांगितलं त्याने, पण पुढचं काही बोलेना. मी दिवस मोजत होते. अठ्ठाविसाव्या दिवशी त्याचं काम संपणार, मग तो बंदराच्या पलीकडे आपल्या घरी. इकडे यायला त्याला कारण उरणार नव्हतं. राहा म्हणायला मला तोंड होतं, पण ते टाकून बोलायलाच शिकलेलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी रक्त घेतल्यावर तो माझ्याबरोबर गाळ्यापर्यंत आला. चेहरा खुललेला.

"विद्यापीठातल्या डॉक्टरांना विचारून आलोय. सातव्या दिवसाचं रक्त तपासून झालं. सत्तावन्नची कात्री, अडुसष्टची कात्री, या वर्षीची कात्री, तिन्ही अडवतं! अडुसष्टच्या विषाणूने हात बदलले होते, कात्री जुनीच होती. म्हणून तुम्ही वाचलात. सत्तावन्नला, सातव्या वर्षी तुम्हाला तो ताप येऊन गेला होता. तेव्हा तुम्ही आडव्या झाला होता, सेतोबाई, म्हणूनच नंतर…"

मासेवाला ऐकत होता. दोन गिऱ्हाइकं ऐकत होती. वर माझी पाटी लटकत होती.

"मी कधी आडवी झाले नाही," मी म्हटलं. "काम झालं ना तुमचं? निघा."

"मला म्हणायचं होतं की…"

"निघा म्हटलं ना!"

तो गेला. त्याची छत्री माझ्याच गाळ्यातल्या खुंटीवर राहिली.

दुपारभर मी सुरी घासत बसले, आणि घासता घासता आठवलं. खरंच आठवलं. आईची मांडी. कपाळावर ओलं फडकं. डोळे उघडवत नव्हते, आणि आईने खडीसाखरेचा तुकडा माझ्या ओठांत ठेवला होता. पन्नास वर्षं मी लोखंड म्हणून मिरवले. आत मात्र एक सात वर्षांची तापलेली पोर होती. मी तिला विसरले, माझ्या रक्ताने तिला जपलं.

आणि हे मला सांगायला आलेल्या माणसाला मी हाकलून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी छत्री घेऊन चहाघरात गेले. समोरची खुर्ची रिकामी. कुणी बसायला आलं की मी छत्री खुर्चीवर आडवी ठेवायचे. चहादाणी रिकामी झाली. मी झाकण तिरकं केलं. किटलीवाली ओतून गेली. पुन्हा रिकामी झाली, पुन्हा भरली. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "आज काय समुद्र प्यायचाय का, लोखंडी?"

साडेआठला तो दारात दिसला. ओला. छत्री नव्हती ना त्याच्याकडे.

"छत्री न्यायला आलो," तो उभ्यानेच म्हणाला.

"बसा. आधी मला बोलू दे… मी आडवी झाले होते. आईने खडीसाखर दिली होती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्ही मासेवाल्याला सांगितलंत तर बघा."

तो बसला. मी त्याचा कप भरला. त्याने दोन बोटं टेबलावर वाजवली, पण उचलली नाहीत, तशीच ठेवली. मीही माझी बोटं तिथं ठेवली, शेजारी. काही मिटेना, काही सुटेना.

"काम तर संपलं," तो म्हणाला. "उद्यापासून यायला मला कारण नाही."

बोलले असते तर वाकडंच निघालं असतं. मी चहादाणीत डोकावून पाहिलं, तळाला घोटभरच होता, आणि झाकण उचलून तिरकं ठेवलं. त्याचा हात सवयीने पुढे आला. झाकणाजवळ पोचला. थांबला.

"राहू दे उघडं?" त्याने विचारलं.

"राहू दे, यिन-चाऊ," मी म्हटलं.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याने एक भांडं उघडं सोडलं, आणि किटलीवालीला हात केला.