गार्डाचा हात

निनादची लाल टू-सीटर वीस वर्षं जुनी होती, आणि जुनी गाडी म्हणजे विकतचं दुखणं, असं हणमंतरावांनी पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलं होतं. ऐकतोय कोण! पोरगं जयपूरकडं वाढलेलं, तिथल्याच सी-स्कीम भागातल्या बँकेत नोकरीला. म्हणायचं, "बाबा, मतलब, माणसाला शौक पण असतो ना!" गाडीला खोड एकच. कधी एका चावीत सुरू, तर कधी नुसतं टक् आणि गप्प. प्रताप नगरच्या घराखाली सकाळी ती कधी अडली नाही, बँकेच्या पार्किंगमध्येही नाही. पेट्रोल पंपावर मात्र चारचौघांत हसं करायची.

होळीनंतरच्या एका संध्याकाळी निनादच्या छातीत कळ आली. आईबापाला कशाला घाबरवा म्हणून तो एकटाच खाली जाऊन गाडीत बसला. आईला, शालनताईंना, सापडला तेव्हा हात चावीवरच होता आणि इंजिन थंडगार. अर्धा तास आधी आणलं असतं तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. भेटायला येणारा जो तो हळहळायचा, गाडीनं दगा दिला.

हणमंतरावांनी तेच धरलं. ती गाडी सुरू का झाली नाही, एवढं त्यांना कळायला हवं होतं. उभा जन्म रेल्वेत गार्ड म्हणून गेलेला; गाडी अडली की कारण शोधल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

"कळून काय करणार आहात?" शालनताईंनी विचारलं.

"दोष कुणाचा ते तरी कळेल."

"त्यानं तो परत येणाराय का हो?"

हणमंतराव पान्हे घेऊन खाली उतरले.

मे महिना, बॉनेटला हात लावला तर चटका बसावा असं ऊन. शालनताई स्टिअरिंगवर बसायच्या आणि हाक आली की चावी फिरवायच्या. हणमंतराव पुढं वाकून इंजिन फिरवणाऱ्या सेल्फच्या तारेला टेस्ट लॅम्प लावायचे. दिवा लागत नव्हता. म्हणजे सेल्फ बरा, पण त्याच्यापर्यंत करंटच पोचत नाही. या गाडीची बॅटरी मागं डिकीत. ते मागं गेले, डिकीचं झाकण वर धरलं आणि म्हणाले, "फिरव." इंजिन झटक्यात धडधडलं. पुढं येऊन पाहिलं तर पुन्हा टक्.

सापडली! मागून पुढं येणारी तार कुजली असणार. तार नवी घातली, गाडी तशीच. मग विश्वकर्मा एरियातून एक इलेक्ट्रिशियन आणला. त्यानं चावीचा स्विच बदलला, रिले बदलला आणि शेवटी हात जोडले. "अंकलजी, अब बदलने को कुछ बचा ही नहीं."

त्या संध्याकाळी हणमंतरावांनी लांब तार जोडून टेस्ट लॅम्पच डिकीवर आणून ठेवला आणि स्वतः मागं उभे राहिले. शालनताईंनी चावी फिरवली. काही नाही. "थांब जरा," म्हणत त्यांनी हात वर केला.

दिवा लागला. इंजिन सुरू झालं.

त्यांनी गाडी बंद करायला सांगितली. हात खाली ठेवून पाहिलं, टक्. वर करून पाहिलं, सुरू. पुन्हा खाली. पुन्हा वर.

फुलेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये निनाद तीनचाकी सायकल चालवायचा, तेव्हा त्यांनीच त्याला शिकवलं होतं. सिग्नल मिळाला तरी मागून गार्डनं हात दाखवल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी हलवायची नाही; गार्ड दिसला नाही तर दोनदा शिट्टी द्यायची आणि थांबायचं. पोरगं असं गुणाचं की बाप येईपर्यंत सायकलवर तसंच बसून राहायचं, ऊन असो की वारा. मोठा झाला तरी खेळ सुटला नाही. रोज सकाळी हणमंतराव गाडीमागं उभे राहून हात करायचे. बँकेच्या पार्किंगमध्ये चौकीदार मागं उभा राहून हात हलवायचा. पंपावर कोण करणार?

आणि छातीत कळ आली त्या संध्याकाळी मागं कुणीच नव्हतं.

शालनताई गाडीतून उतरल्या. चावी त्यांच्या मुठीत होती.

"त्या दिवशी तुम्ही अंघोळीला गेला होता," त्या म्हणाल्या. "खाली हॉर्न वाजत होता हो. दोनदा वाजायचा, थांबायचा, परत दोनदा. मला वाटलं, शेजारच्यांचा पाव्हणा."

हणमंतराव तिथंच खाली बसले. माझं लेकरू, माझं शहाणं लेकरू, असं म्हणत ते लहान मुलासारखे रडले. शालनताईंनी त्यांचं डोकं पोटाशी धरलं.

"पुरे झालं आता," म्हणत बऱ्याच वेळानं हणमंतराव उठले. बॅटरीच्या तारा सोडल्या, ती उचलून जमिनीवर ठेवली आणि डिकी लावून टाकली.

शालनताईंनी त्यांचा दंड घट्ट पकडला.

गाडीचे मागचे दोन्ही दिवे लाल पेटले होते. ब्रेक दाबून धरल्यावर पेटतात तसे.

आत कुणी नव्हतं. बॅटरी त्यांच्या पायाशी होती.

"अहो," शालनताई कुजबुजल्या, "तो अजून थांबलाय."

हणमंतरावांचा हात जड झाला होता. तरी त्यांनी तो वर केला, पुरता डोक्याच्या वर, आणि तसाच धरला.

दिवे विझले. आत ब्रेकचं पेडल हलकेच वर आलं.