मागून घ्यायचा वाटा

"ह्या पायपुसण्यावर हा शब्द कुणी काढला?"

रुद्राणी संगणकासमोरून उठली ती भांडायच्या तयारीनेच. सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात नक्षी काढायचं काम तिचं. मस्कतच्या एका हॉटेलसाठी टॉवेल आणि पायपुसणी यांचा एकसारखा संच तिने बारा दिवस खपून बसवला होता. आणि हा कोण उपटसुंभ? जवळच्याच मंद्रूप गावचा देवदत्त. सात वर्षं मस्कतला दुकान सांभाळणारा, सुट्टीवर आलेला, मित्रांसाठी टॉवेल घ्यायला आत शिरलेला.

"'सआदा' म्हंजे सुख. त्यावर पाय पुसायचे व्हय?"

"संच आहे तो. सगळीकडे एकच शब्द."

"पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करता की न्हाय? तिथली माणसं बी तशीच हायत की."

त्याचं बरोबर होतं, म्हणून तर तिला जास्त राग आला. वरून मालकांनी त्यालाच सगळे अरबी शब्द तपासायला बसवलं. रोज दुपारी तो तिच्या शेजारी खुर्ची ओढायचा आणि शब्द उलगडायचा. 'फरह' म्हणजे आनंद. 'सआदा' ज्या मुळातून आला, त्यातूनच मदतीसाठीचा 'मुसाअदा' हा शब्दही निघाला... सांगताना तो पडद्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघायचा. ती माऊस उगाचच फिरवत राहायची.

पाच आठवडे असे गेले. शुक्रवारी तिने मान न वळवताच सांगितलं, "रविवारी मला बघायला लातूरचे पाहुणे येणार आहेत."

देवदत्तने खुर्ची जराशी मागे सरकवली. मग हळूच म्हणाला, "बघू... नशिबात असंल तर व्हईल."

"काय होईल?"

"तुमचं... आमचं..."

रुद्राणीच्या डोक्यात तिडीक गेली.

"नशीब म्हणजे काय, तूच सांगितलंस ना? वाट्याला आलेला हिस्सा! किस्मत म्हणजे वाटणी! नशिबाचा तो तिसरा अरबी शब्द, हझ्झ, त्याचाही अर्थ वाटाच! तुमच्या मंद्रूपला खळ्यावर ज्वारीची वाटणी होते, तेव्हा आपला वाटा घ्यायला माणूस स्वतः जातो की घरात लोळत पडतो?"

पाच आठवड्यांत पहिल्यांदाच तिने त्याला 'तू' म्हटलं होतं. दोघांनाही ते कळलं.

"जावं लागतं," तो म्हणाला. "न्हाय गेलं तर दुसराच उचलून नेतो."

"मग?"

"भ्या वाटतंय गं. तुझे वडील शिकलेले, जुळे सोलापूरसारख्या भागात फ्लॅट. मी परदेशातल्या दुकानातला नोकर."

"नाही म्हणतील तर म्हणतील! पण तू न विचारताच माझं 'नाही' ठरवून टाकलंस? मला विचारलंस एकदा तरी?" तिचे डोळे भरून आले, त्याचाही तिला संतापच आला.

तो उठून तिच्यासमोर उभा राहिला. "विचारतो. मला तू पायजेस... लई पायजेस. येशील?"

"मी रागावले आहे अजून."

"असू दे की. रागासकट पायजेस. वडील कधी येतात घरी?"

"सहाला."

"मग आजच सहाला."

तिने डोळे पुसले, फोन उचलला आणि आईचा नंबर लावला.

"आई, लातूरच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळव. संध्याकाळी मला मागायला एक जण येतोय... बाबा काय म्हणतील ते म्हणू देत, माझं 'हो' आहे."