रिकामा रकाना

जानेवारीतली दुपार. लखनौवर पाच दिवस धुकं असं ठाण मांडून बसलं होतं, की दीड वाजताही चौकातल्या दुकानांत दिवे जळत होते. राजाराम दिवेकर भाच्याच्या स्कूटरची नंबर प्लेट न्यायला नफीस मिस्त्रीकडे आला होता. काम साधंच होतं, पण राजाराम आतून नुसता फुलला होता. तीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाला पोलिसांना तोंडावर खोटं पाडायची अशी आयती संधी कितीदा मिळते?

मंगळवारी सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी, गोमतीकाठच्या नाक्यावर, चिकनच्या भरतकामाचे कपडे धुणाऱ्या एका बाईला स्कूटरने उडवलं. बाई जागीच गेली, स्कूटर पसार झाली. नाक्यावरच्या कॅमेऱ्याने म्हणे नंबर टिपला, आणि तो निघाला संग्रामचा, म्हणजे राजारामच्या बहिणीच्या, लताच्या मुलाचा. पोरगं कालपासून कोठडीत होतं. आज चार वाजता त्याला कोर्टापुढे उभं करणार होते. आणि त्याची स्कूटर? ती गेले आठ दिवस नफीसकडे इंजिन उघडून पडली होती, प्लेट खिळ्याला टांगलेली!

नफीसने प्लेट काढून दिली. राजाराम वळला, तेव्हा तो हलकेच म्हणाला, "साहब, जरा ही सीट बघा."

सीटचा मागचा अर्धा भाग ओला होता. पुढचा कोरडा ठणठणीत.

"मंगळवारपासून रोज पुसतोय. रोज ओली..."

राजाराम वाकला. ओल्या कापडाचा वास आला, आणि त्यात मिसळलेला निळीचा. चिकनवर नक्षीचे ठसे उठवतात ना, त्या निळीचा.

"तुझा नळ गळत असेल."

"नळ तिकडे आहे, साहब. गल्लीच्या टोकाला."

राजारामने स्कूटरचे चार फोटो काढले, प्लेट झोळीत टाकली आणि आपल्या स्कूटरवरून थेट गोमती नगर गाठलं.

तिथल्या पोलीस नियंत्रण कक्षात भिंतभर पडदे होते, आणि जवळजवळ प्रत्येकात नुसतं पांढरं धुकं. इन्स्पेक्टर निरंजन सिंह चहा पीत होते.

"दिवेकरजी, कॅमेरा खोटं बोलत नाही."

"बरोबर आहे. तो बोलतच नाही. त्याच्या नावावर तुम्ही बोलता!" राजारामने प्लेट टेबलावर आपटली. चहा बशीत सांडला. "आठ दिवस ही खिळ्याला होती. सांगा, नाक्यावर काय उडत गेली?"

इन्स्पेक्टरांनी फोटो पाहिले, मिस्त्रीला फोन लावला आणि मान खाजवत कोपऱ्यातल्या ऑपरेटर मुलीला हाक मारली. हिमानी तिचं नाव. कंत्राटावरची, दिवसाला दोनेक हजार गाड्या तपासणारी. मंगळवारचं चित्र तिने पडद्यावर आणलं. धुक्यात एक काळा डाग होता, नंबर दिसतच नव्हता.

"मग नंबर आला कुठून?" राजारामचा आवाज चढला.

हिमानीने आधी इन्स्पेक्टरांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मशीनला वाचता आलं नाही की ते आमच्याकडे येतं. रकाना रिकामा ठेवला तर पुढची गाडी उघडतच नाही. मशीन तीन अंदाज सुचवतं, त्या नाक्यावरून रोज जाणाऱ्यांचे. आम्ही पहिला निवडतो. सगळेच तसं करतात."

संग्राम रोज तिथूनच कॉलेजला जायचा.

राजाराम अक्षरशः टाळी वाजवायचा राहिला. अंदाज! एका पोराला अंदाजाने खुनी ठरवलं होतं! उद्याचं पहिलं पान त्याला समोर दिसायला लागलं.

"अजून एक आहे..." हिमानी कुजबुजली. "मी तो नंबर भरला, आणि तेव्हापासून तो दिसतोय. मी न भरता. आपोआप."

तिने चित्रं उघडली. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. धुक्यातून एक स्कूटर येत होती, नंबर लख्ख. चालवणाऱ्याच्या जागी फक्त धुकं. मागे पांढरी ओढणी घेतलेली एक बाई, ओढणी अंगाला चिकटलेली. प्रत्येक चित्रात ती कॅमेऱ्याकडे वळून बघत होती. विचारल्यासारखी.

"नकली प्लेट!" राजाराम ओरडला. "टोळी आहे ही! आणि तुम्ही कॉलेजच्या पोराला धरता!"

"याच्या प्रत्येक फेरीला मागे बसलेल्या बाईला हेल्मेट नसल्याचं दंडाचं चलान गेलंय," हिमानी म्हणाली. "फेरी कुठून सुरू होते ते कळत नाही, सर. प्रत्येक वेळी त्याच नाक्यावर..."

"पुरे," इन्स्पेक्टर म्हणाले. "मुलाचा नंबर मी काढतो, दिवेकरजी. चूक झाली. पण अपघाताची नोंद नंबराशिवाय पुढे सरकत नाही. रकाना रिकामा ठेवायची परवानगी वरून यायला सोमवार उजाडेल, तोवर मुलगा आतच."

घड्याळात सव्वातीन झाले होते.

"काहीतरी नंबर हवाय ना?" राजारामला हसूच फुटलं. "माझा घाला! मंगळवारी सातला मी टीव्हीवर थेट चर्चेत होतो, तुमच्या याच कॅमेऱ्यांवर भांडत. शहराने पाहिलंय. धरा मला! बातमीला याच्याहून चांगला शेवट मला तरी सुचत नाही."

"सर, नको..." हिमानी म्हणाली.

"घाला म्हणतो ना!"

तिने एकेक अक्षर भरलं. रकाना हिरवा झाला. खोलीत कुठेतरी ओल्या कापडाचा वास आल्यासारखं वाटलं, पण राजाराम तोवर जिन्यात होता.

धुक्यातून तो संग्रामला आणायला पोलीस ठाण्याकडे निघाला, तो जवळजवळ गातच. मथळा तयार होता, पहिला परिच्छेदही. स्कूटर मात्र आज जड चालत होती. वळणावर मागून ओढल्यासारखी. टायरात हवा कमी असेल. सिग्नलला फोन वाजला.

"साहब," नफीस म्हणाला, "सीट वाळली. पुसली नाही काही नाही... एकदम वाळली."

"बघ! म्हटलं नव्हतं?"

फोन ठेवतो तोच संदेश आला. चलान. त्याचा नंबर, मागचा नाका, वेळ तीन त्रेचाळीस. गुन्हा: मागे बसलेल्या व्यक्तीस हेल्मेट नाही. आजही! त्याला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच थांबलं. निळीचा वास मानेपाशी होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

ठाण्याच्या फाटकात लता आणि संग्राम उभे होते. पोराला सोडलं होतं! लता धावतच पुढे आली, डोळे भरलेले, हसू आवरत नव्हतं.

"दादा, जिंकलास रे! तुझ्यामुळे..." आणि ती मध्येच अदबीने बाजूला सरली, पदर सारखा केला. "आम्ही दोघं ई-रिक्षाने येतो. तू आधी यांना सोडून ये. केवढ्या भिजल्यात बिचाऱ्या..."