वाल्द्राकला ऐकवलेली तबकडी

दिवा बारीक करा, पण विझवू नका. आणि ए केशॉन, तो मोबाइल खिशात घाल. ही गोष्ट कुठल्या पडद्यावरची नाही. आपल्या ओडेसाची आहे, ओडेसा क्वामिनाची. पटली नाही तर उद्या दिवसाउजेडी जाऊन तिलाच विचारा.

ओडेसा गाण्यांच्या जुन्या तबकड्या शोधत सायकलवरून टोकोपासून मातलोपर्यंत सगळा किनारा पालथा घालते. तिला हसणारे तुम्हीच. पण परदेशी लोक मोटारीतून तबकड्या शोधायला आले, की माणसं दारं लावून घेतात, नाहीतर भलताच भाव सांगतात. सायकलवरून घामाघूम बाई आली, की आधी कोको-चहा मिळतो आणि मग पलंगाखालची खोकी बाहेर निघतात. तिच्या कॅरियरवर पावाचा क्रेट बांधलेला असतो, आत जुनी उशी. तबकडी उभीच ठेवायची, आडवी ठेवली तर खड्ड्यात तडकते. तो क्रेट मीच बांधून दिलाय, सायकलीचा डॉक्टर मीच ना!

तिला खरी हवी होती ती एकच तबकडी. तिच्या आजोबांची. आजोबा म्हणजे कॅलिप्सोची टोमणेबाज गाणी गाणारे लॉर्ड मानिकू. त्या काळी कोकोच्या मळ्याचा मालक होता वाल्द्राक. हा रात्री हद्दीच्या खुणेची लाल झाडं उपटायचा आणि गरिबाच्या जमिनीत चार हात पुढे लावायचा. आजोबांनी त्याच्यावर गाणंच केलं:

सगळ्यांची झाडं जागेवर झोपती,
बॉसच्या झाडांना रात्री फुटती पाय!

अख्खा किनारा ते गात सुटला. वाल्द्राकच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने दुकानादुकानांतून सगळ्या तबकड्या उचलल्या, अंगणात पसरल्या आणि घोडेस्वारीच्या बुटांनी त्यांचा चुरा केला. आजोबा त्याच वर्षी तापाने गेले. ओडेसाची आई, मा इग्नेशिया, तेव्हा एवढीशी पोर. बापाचा आवाज कसा होता, तेही तिला आठवत नव्हतं. "मरायच्या आधी एकदा ऐकव गं," एवढंच तिचं मागणं. आणि गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिच्या आजारापुढे हात टेकले होते.

तर गेल्या वर्षीची दोन नोव्हेंबर. मृतांची रात्र.

ओडेसाला खबर लागली होती, की वाल्द्राकच्या बंगल्यावरची जुनी स्वयंपाकीण, तांती रोझमंड, सान्सूसी गावाच्या वर रानात अजून जिवंत आहे आणि तिच्यापाशी एक तबकडी आहे. ओडेसा दुपारीच निघाली. म्हातारी भारी चिवट. आधी कबरींवर मेणबत्त्या लावायला हिला बरोबर नेलं, मग जेवायला बसवलं. खूप रात्र झाल्यावर कुठे येशूच्या तसबिरीमागून तबकडी काढली.

"त्याच्या बुटाखालून ओढलीय मी ही. पैसे नकोत. जोरात वाजव," म्हातारी म्हणाली. आणि मग हळूच, "पोरी, त्याच्या कबरीवर आज कोणी मेणबत्ती लावली नाही. तो फिरणार. सावरीच्या झाडापाशी थांबू नकोस."

"तांती, माझ्या सायकलीला धड ब्रेक नाहीत. थांबायचं कशाने?" ओडेसा हसली.

ब्रेक मी नीट केले होते. पण असो.

सावरीचं झाड आलं. रस्ता उताराचा. आणि सायकल जड झाली... टायर बसला म्हणावं, तर टायर ठीक. कॅरियर कुरकुरला. चामड्याचा वास आला. घोड्याच्या घामाचा. मग अगदी मानेजवळ...

"दे."

ओडेसाने मागे पाहिलं नाही.

"दे..."

"जन्मभर दुसऱ्याचं घेतलंस, मेल्यावरही हात पसरलेलाच? उतर खाली! फुकट बसायला ही तुझी घोडी नाही!"

तो उतरला नाही. मग ती गायला लागली. तेच गाणं. रडत होती, शिव्या देत होती, पण पाय थांबले नाहीत.

आता ऐका नीट. रात्री उशिरा घरी आलं, की दारात पाठ फिरवून उलटं आत शिरायचं, म्हणजे मागे लागलेलं बाहेर राहतं. हे आपल्यात शेंबडं पोरही जाणतं. ओडेसाही उलटीच शिरली. पण क्रेटमधली तबकडी बाहेर कशी ठेवणार? तिने हँडल धरून सायकल आत ओढून घेतली. पाठ फिरली ती ओडेसाची. सायकल आली सरळ. तोंड पुढे करून. आणि कॅरियरवर जो बसला होता...

दार लागलं. सायकल एकदम हलकी झाली.

कोपऱ्यातली वेताची खुर्ची करकरली.

"कोणाला आणलंस गं?" पलंगावरून मा इग्नेशिया.

ओडेसाने क्रेटमधून तबकडी काढली. तबकडी छातीशी धरलेली. खुर्चीतून तोच आवाज...

"दे..."

जिला आधाराशिवाय कूस बदलता येत नव्हती, ती मा उठून बसली.

"अगंबाई, बॉस आलाय! जमिनीत शिरलास, आज घरातही शिरलास? बस. बस मेल्या! आता ऐकल्याशिवाय तुझी सुटका नाही. ओडेसा, लाव."

सुई टेकली. खरखर... खरखर... आणि मग आवाज. बापाचा.

मा रडली. खूप रडली. मग ध्रुवपद आलं तशी खुर्चीकडे बोट रोखून खणखणीत गायला लागली. खुर्ची थरथरत होती. दिवा मिणमिणला. गाणं संपलं.

सुई नुसतीच खरखरत राहिली...

"पुन्हा लाव," मा म्हणाली.

उजाडेपर्यंत ते गाणं वाजत होतं.

सकाळी ओडेसाने मला बोलावलं. मा खुर्चीसमोर बसून कोको-चहा पीत होती. जमिनीवर लाल मातीचे ठसे होते, घोडेस्वारीच्या बुटांचे, टाच खोल दाबलेली. फादरनी येऊन पाणी शिंपडलं, आम्ही काथ्याने घासलं, ठसे निघाले नाहीत. मा म्हणाली, "राहू दे." ती अजून आहे, डॉक्टरांच्या नाकावर टिच्चून. रोज संध्याकाळी ती तबकडी लावते. त्या खुर्चीत कोणाला बसू देत नाही.

उद्या जाल तेव्हा बघा. सायकल उभी होती तिथून खुर्चीपर्यंत ठसे आहेत. खुर्चीपासून दारापर्यंत...

एकही नाही.