शिफावूचा दुसरा संसार

दार जरा ओढून घ्या रे, धूळ आत येतेय. हरमटानचा वारा सुटला की हे असंच. ओठ फुटतात आणि समोरच्या टपरीचा दिवा दिसेनासा होतो. वीज काही आता येत नाही, आणि जनरेटरात ओतायला पेट्रोल काय माझ्या सासऱ्यानं पाठवलंय? बसा असेच.

मघाशी तुम्ही लामीदीची टिंगल करत होता. म्हातारपणी आगोदेला दुसरं बिऱ्हाड केलंय म्हणालास ना तू, रफीयू? आधी ऐक, मग हस. त्या रात्री ट्रक माझाच होता. जे मी पाहिलं नाही ते त्यानं परतीच्या वाटेवर मला सांगितलं. त्याच्यासमोर मात्र यातला शब्दही काढायचा नाही.

लामीदीचं आपल्या ओसोग्बोत कोनफळाच्या पिठाचं दुकान, ते तुम्हाला माहीत आहे. माल तो वर्षानुवर्षं उत्तरेकडच्या एका गावातून आणायचा. गेल्या साली त्या रस्त्यावर डाकू माणसं पळवून नेऊ लागले, ट्रक जाईनात. कुणीतरी म्हणालं, आगोदेला जा, पीठ चोख मिळेल. म्हणून आम्ही निघालो. जानेवारीतला दुसरा गुरुवार. आगोदेच्या मोठ्या बाजाराची आदली संध्याकाळ.

आगोदे तुम्ही पाहिलंय, पण दिवसा. पूर्वी उत्तरेकडून गाढवांवर मीठ यायचं, आपल्या रानांतून कोलाच्या बिया जायच्या, आणि दोन्हीकडचे तांडे राजवाड्यापुढच्या त्या उतारावर टेकायचे. आता तिथं ट्रक उभे राहतात, तरी नाव गाढवतळच. मीठवाले दमून अंधार पडल्यावर पोचायचे, म्हणून गावच्या बायकांनी दिवे लावून दुकानं मांडायला सुरुवात केली. ती चाल अजून मोडलेली नाही. तेव्हा ताडतेलाच्या पणत्या होत्या, आता चार्जिंगचे चिनी दिवे आलेत, एवढाच फरक. आणि रीतही जुनीच. दिव्यांच्या बाजारात कुणाला नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. भाव करायचा, माल उचलायचा, वाटेला लागायचं.

माझं मागचं चाक बसलं होतं, म्हणून मी पंक्चरवाल्यापाशी थांबलो. लामीदी एकटाच उतारावर गेला.

पिठाच्या बायका अगदी टोकाला बसतात. तो मिरचीच्या ढिगांमधून शिंकत शिंकत पुढं चालला होता, तेवढ्यात कानावर आलं, "या हो या, बोट बुडवून बघा! वास घ्या! यात कसाव्याचं पीठ निघालं तर मला इथंच पुरा!"

लामीदी जागच्या जागी उभा राहिला. मागून येणारी बाई त्याच्यावर आदळली. "रस्ता काय तुझ्या बापाचा?" म्हणून शिव्या देत गेली. त्याला ऐकू आलं नाही.

तो आवाज शिफावूचा होता. त्याच्या धाकट्या बहिणीचा. आणि शिफावूला वारून सहा वर्षं झाली होती. त्याच्याच घरी वारली, त्याच्याच अंगणात पुरली. माती लोटणारे हात लामीदीचे होते.

लोकांना त्यानं सांगितलं होतं की ती अचानक गेली, एका शब्दानं काही बोलली नाही. ते खोटं होतं. ईदच्या आदल्या दिवसाची गर्दी. शिफावू दुकानात त्याच्या मदतीला होती. सकाळीच म्हणाली, "दादा, पोटात कळ येतेय, दवाखान्यात चल ना." हा म्हणाला, "एवढी गिऱ्हाइकं टाकून? दुपारी जाऊ." दुपारी तिनं पुन्हा विचारलं. हा म्हणाला, "बाजार उठू दे." बाजार उठला तेव्हा ती मागं पोत्यांवर पडली होती. अंग गार. हे त्यानं बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

पळून यायचं सोडून तो त्या दिव्यापाशी गेला. बाईनं मान वर केली. तीच. जराशी भरलेली, डोक्याला निळं फडकं.

"किती घालू, साहेब?"

यानं दिव्याजवळ वाकून तिचा चेहरा बघितला.

"नको असेल तर उजेडातून सरका. मागं गिऱ्हाईक आहे."

"शिफा..."

"नको." ती पिठाकडे बघत पुटपुटली. "दादा, नाव नको. इथं नको."

तेवढ्यात एक उंच माणूस खांद्यावर चारएक वर्षांची पोरगी घेऊन आला. हा तिचा नवरा, जिमो. तिथला शिंपी. हसऱ्या तोंडाचा. "काय, झोडपलं वाटतं हिनं तुम्हाला? सगळा बाजार हिला टरकून आहे. अहो, विचारू नये म्हणतात, पण तुमचा हेल थेट हिच्यासारखा हो! ओसोग्बोकडचे?"

"गिऱ्हाईक आहेत," शिफावू म्हणाली.

"मग गिऱ्हाईक काय उपाशी झोपवायचं? या वेळी रस्त्याला कुणी जात नाही, आणि त्या लॉजमध्ये ढेकूण आहेत. चला, घरी चला."

ती नको नको म्हणत होती. पण जिमोनं लामीदीच्या काखेतली पिशवी ओढूनसुद्धा घेतली.

घर साधंच. पत्र्याचं छप्पर, दाराशी शिलाई मशीन, भिंतीला ईदच्या कपड्यांचे नमुने. पोरीचं नाव अशाके. ती आल्या आल्या लामीदीच्या मांडीवर जाऊन बसली. जिमो म्हणाला, "नवलच आहे, ही परक्याकडे जात नाही." आणि बोलता बोलता सहज म्हणाला, "हिच्या माहेरचं कुणी उरलं नाही हो. लग्नात हिच्या बाजूनं शकुनाचा कोला ठेवायला माणूस नव्हता. शेवटी बाजाराची माय पुढं झाली. मला वाटतं, एवढ्या मोठ्या जगात एका बाईला एक भाऊसुद्धा नसावा?"

लामीदी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला.

"थांबा, थंड काहीतरी आणतो," म्हणत जिमो बाहेर पडला.

आता खोलीत तिघंच. शिफावूनं त्याच्या ताटात भाजी वाढली. चिकट पाल्याची, सुकी मासळी घातलेली. त्यांची आई करायची तशी.

"मी इथं सुखात आहे, दादा," ती हळू बोलली. "माणूस चांगला आहे. पोर आहे. उद्या पीठ घे आणि जा. पुन्हा ये, हवं तेव्हा ये. पण गिऱ्हाईक म्हणून ये."

"तू रागावली नाहीस माझ्यावर?"

"जेव."

"शिफावू, सहा वर्षं मला झोप नाही. मला बोलू दे."

"मला सगळं ठाऊक आहे. बोलू नकोस. तोंडावर बोललं की काय होतं... तुला माहीत आहे."

माहीत होतं त्याला. आपल्यात कुणाला माहीत नसतं? ज्याचं आयुष्य सरायच्या आधी कुणी हिसकावून घेतलं, ते माणूस मेल्यावर लांबच्या गावी जातं. दुकान मांडतं, लग्न करतं, लेकरं होतात. उरलेले दिवस जगून घेतं. त्याला अकुदाया म्हणतात. फक्त ओळखीच्या माणसानं समोर येऊन, तू मेलेली आहेस, एवढं म्हणायचा अवकाश, की ते गेलं.

"नुसतं माफ केलं म्हण," लामीदी म्हणाला.

"केलं. जेव आता."

इथं थांबला असता ना तो... तर आज सगळं ठीक असतं. पण त्याला ते पुरेना. भाजी वाढता वाढता म्हटलेली माफी ती कसली? आपण काय केलं ते एकदा तिच्यासमोर उघड बोलावं, रडावं, आणि मग तिनं डोक्यावर हात ठेवावा, असं त्याला वाटत होतं. तिचं काय होईल हे त्याच्या मनात नव्हतं असं नाही. होतं. मागं सारलं त्यानं. मला म्हणाला, "ताईरू, त्या दिवशीसुद्धा असंच मागं सारलं होतं."

तिनं त्याचा चेहरा ओळखला. डाव खाली ठेवला.

"दादा, त्या दिवशी मी तुला चल म्हणाले. आज थांब म्हणतेय. एवढं तरी ऐक."

त्यानं नाही ऐकलं.

"शिफावू, तू माझ्यामुळे मेलीस..."

दिवा विझला नाही.

दार वाजलं नाही. वारा नाही. काही नाही.

ती समोर होती... आणि नव्हती.

तिचं कमरेचं लुंगीवस्त्र खाली पडलं होतं. गाठ मारलेली. गाठ तशीच. त्यावर निळं फडकं. भाजीतून अजून वाफ निघत होती.

अशाके मांडीवरून उतरली. कपड्यापाशी गेली. तो उचलून खाली बघितलं.

"आई?"

तिनं मागच्या दाराकडे बघितलं.

"आई...?"

जिमो बाटल्या घेऊन आला. आधी हसला, त्याला वाटलं लपाछपी चाललीय. मग मागचं दार बघितलं. आतून कडी. मग गल्ली, विहीर, बाजार. दिवे घेऊन माणसं धावली. शेवटी बाजाराची माय आली, काठी टेकत. राजवाड्यापुढच्या सगळ्या बायकांची ती पुढारीण. तिनं तो गाठ मारलेला कपडा बघितला, लामीदीकडे बघितलं.

"नाव घेतलंस?"

त्यानं होकाराची मान हलवली.

"आणि दुसरं? तेही बोललास?"

त्यानं पुन्हा मान हलवली.

"आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं," म्हातारी म्हणाली. "पाच वर्षं माझ्या शेजारी बसत होती. मला कळणार नाही? पण कुणी बोललो नाही. बोलून काय मिळणार होतं? तुला काय मिळालं?"

जिमोनं मारलं नाही त्याला. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं लामीदी म्हणतो. जिमोनं एवढंच विचारलं, "तू कोण तिचा?"

"भाऊ."

"ती तर म्हणायची, तिला कुणी नाही."

आम्ही तसेच रिकामा ट्रक घेऊन परतलो. तेव्हापासून तो जातो आगोदेला. कपडे, खाऊ, काय काय घेऊन. जिमो दार उघडायचा नाही. हा सगळं उंबऱ्यावर ठेवायचा, पुढच्या खेपेला ते तिथंच धूळ खात पडलेलं असायचं.

गेल्या महिन्यात मीही त्याच्याबरोबर दारापर्यंत गेलो होतो. मोठ्या बाजाराची सकाळ, नुकतं उजाडत होतं. यानं दार वाजवलं. आत काहीतरी हललं. आणि जिमोनं दार उघडलं. पहिल्यांदाच. तोंड पांढरं पडलेलं. पोरीला पुढं घेतलं आणि पाठमोरी केली.

सगळ्या डोक्यावर बारीक वेण्या. ताज्या. भांगात तेल चमकत होतं, ओलं.

"रात्री झोपली तेव्हा केस मोकळे होते," जिमो म्हणाला. "मला घालता येत नाहीत. शेजारणींना ही हात लावू देत नाही. दाराला कडी होती. मी... मी हिच्या शेजारीच होतो."

लामीदीनं ती वीण ओळखली. शिफावूच्याच हातची. गळ्यातून आवाज निघाला त्याच्या. हात पुढं गेला.

"लावू नका," पोरगी मागं न बघता म्हणाली. "एक राहिलीय. तुम्ही दार वाजवलंत."

मानेपाशी एक वेणी अर्धी होती. मी पाहिली, या डोळ्यांनी. तिचे तीन पदर वेगवेगळे... हवेत. ताठ. कुणीतरी बोटांत धरावेत तसे.

मग ते सुटले. एकेक करून.